दोन्ही हातांत डोकं

मानेला मार लागलेला माणूस आला की मी आधी त्याला झोपायला आणि मग उठायला सांगते. फिल्म नंतर बघते.

रत्नागिरीकडचे एक काका मे महिन्यात आले. मार्चमध्ये आंबे उतरवताना कलमाची फांदी मोडली आणि झेल्यासकट खाली आले. मग दोन महिने बाम, शेक, आणि कुणाकडून तरी दोनदा मान ‘मोकळी’ करून घेणं. हे ऐकताना माझ्याच मानेवर काटा आला. “झोपा काका,” म्हटलं, तर त्यांनी एक हात हनुवटीखाली घेतला, एक डोक्यामागे, आणि कलिंगड ठेवावं तसं आपलं डोकं उशीवर ठेवलं. उठताना पुन्हा तेच. “मान माझी वाटतच नाही हो,” म्हणाले. “कुणी सांभाळायला दिल्यासारखी वाटते.”

जुन्या पुस्तकांत या खुणेला रुस्टची खूण म्हणतात. ती दिसली की माझ्यापुरतं निदान अर्धं झालेलं असतं.

पहिल्या दिवसाचा एक्सरे त्यांच्या मुलाने प्लास्टिकच्या पिशवीतून काढला. उताणं झोपवून काढलेला, ‘काही विशेष नाही’ असा शेरा. शेरा लिहिणाऱ्याला दोष देववत नाही. पहिला मणका, ॲटलस, म्हणजे एक कडं. दुसऱ्या मणक्यातून हाडाचा छोटा खुंटा वर येतो आणि जात्याचा वरचा दगड खिळीभोवती फिरावा तसं हे कडं, डोक्यासकट, त्या खुंट्याभोवती फिरतं. काकांचा खुंटा बुडाशी मोडला होता. पण उताणं झोपलं की डोकं मागे जातं आणि मोडका तुकडा शहाण्यासारखा जागेवर जाऊन बसतो. त्यात आम्हाला शिकवलेलं असतं, कड्याची पुढची कमान आणि खुंटा यांच्यातलं अंतर मोजा. मोठ्या माणसात ३ मिलिमीटरच्या आत असलं की ठीक. खुंट्याला मागून आवळून धरणारा आडवा पट्टा तुटला असेल तर हे अंतर वाढतं, बरोबर. पण पट्टा शाबूत आणि खुंटाच मोडलेला असला, तर तुकडा कड्याबरोबरच पुढेमागे जातो. अंतर जसंच्या तसं. शिकाऊ असताना याच मोजपट्टीवर विसंबून मी एका रिक्षावाल्याला कॉलर देऊन घरी पाठवलं होतं. चौथ्या दिवशी शर्टाची बटणं लागत नाहीत म्हणत तो परत आला. सावरला तो पुढे. मी मात्र तेव्हापासून झोपलेल्या माणसाच्या फिल्मवर विश्वास ठेवत नाही.

काकांच्या सीटीवर मोडलेल्या कडा गुळगुळीत झालेल्या दिसल्या. हाड जुळायचा नाद सोडून सांध्यासारखं वागायला लागलं होतं. मग बसवून, मान वाकवून एक्सरे. मान त्यांनीच वाकवायची, माझा हात डोक्याला लावायचा नाही, मुंग्या आल्या की थांबायचं. बसल्या जागी कडं ८ मिलिमीटर पुढे सरकलं. इतकं सरकूनही काका चालत आले, कारण या जागी निसर्गाने हात सैल सोडलाय: कड्याच्या आत साधारण एक तृतीयांश खुंटा, एक तृतीयांश मज्जारज्जू आणि एक तृतीयांश मोकळी जागा. ती मोकळी जागा काका दोन महिने खर्चत होते.

ताज्या मोडीत कधी पुढून एकच स्क्रू घालून खुंटा वाचवता येतो. इथे ती वेळ गेली होती. मागून दोन्ही मणके एकमेकांना जखडणं भाग होतं. गॅली नावाच्या सर्जनने १९३९ मध्ये तार आणि हाडाचा तुकडा बांधून हे करायची रीत लिहिली. तार कमानीखालून, मज्जारज्जूला जवळजवळ घासून जाते. आम्ही आज वापरतो ती पद्धत परळची: केईएममध्ये डॉ. अतुल गोयल यांनी १९८८ पासून दोन्ही मणक्यांत स्क्रू घालून ते पट्टीने जोडायला सुरुवात केली, १९९४ मध्ये ती छापून आली. जर्मनीच्या हार्म्स यांनी पट्टीच्या जागी सळई आणली, २००१. परदेशी परिषदेत कुणी ‘गोयल-हार्म्स’ म्हणालं की मी उगाच ताठ बसते.

खरी भीती स्क्रूची नसते, पालथं करण्याची असते. भूलतज्ज्ञ रुग्ण जागा असतानाच, मान न हलवता, दुर्बिणीतून श्वासनळीत नळी घालतो. मग पाच जण, एक-दोन-तीन, आणि डोकं माझ्या हातांत. त्या वेळी ते मी काकांसारखंच धरते. पुढे दोन मणक्यांच्या मधे शिरांचं जाळं असतं. त्याला धक्का लागला की जखम काळ्या रक्ताने भरते आणि काही दिसेनासं होतं. तिथे घाई करणारा फसतो. कापूस ठेवायचा, दाबायचं, घड्याळाकडे बघायचं नाही. बाजूने मेंदूला जाणारी रोहिणी. काकांची डाव्या बाजूची नेहमीपेक्षा वर चढलेली होती, ते आदल्या रात्री सीटीवर बघून ठेवलं होतं, म्हणून त्या बाजूचा स्क्रू आखूड घेतला. ड्रिल जाळीदार हाडातून जाताना हाताला ओल्या साखरेसारखं लागतं. तसं लागेनासं झालं की थांबायचं. शेवटी सांध्याची कूर्चा खरवडून कमरेचं हाड भरायचं. स्क्रू नुसते तोवर धरून ठेवतात. खरं धरणारं हाडच.

किंमत आधीच सांगितली होती. मान वळण्यातलं निम्मं वळण याच सांध्यात असतं, ते जाणार. काकांनी विचारलं, “मग नाही कसं म्हणायचं?” “तोंडाने,” मी म्हटलं.

सहा महिन्यांनी आले. हाड जुळलं होतं, हातांची ढिली झालेली पकड परतली होती. तक्रार एकच: डोक्याच्या मागे बधिर वाटतं, न्हाव्याची मशीन कुठे फिरतेय कळत नाही. स्कूटरला दोन्ही बाजूंना आरसे लावून घेतले होते.

“कलमावर चढत नाही ना, काका?”

“छे हो,” म्हणत त्यांनी खांद्यांसकट सगळं अंग डावीउजवीकडे हलवलं. त्यांच्या खुर्चीमागे मुलगा उभा होता. तो माझ्याकडे बघत मान वरखाली हलवत होता. काकांना मागे वळून ते बघता आलं नाही.