आईसाठी मोठ्याने

मनात वाचताना डोळा पुढे पळतो. रटाळ परिच्छेद ओलांडतो, नकोसं पान नुसतं चाळतो, जिथे जीव रमतो तिथे रेंगाळतो. मोठ्याने वाचताना यातलं काहीच करता येत नाही. प्रत्येक शब्द तोंडातून बाहेर काढावा लागतो. समोर ऐकणारं माणूस असलं तर त्याचा चेहराही दिसत असतो. आयुष्यभर पुस्तकं वाचूनही हा अनुभव मला पन्नाशी उलटल्यावर आला, तो आईमुळे.

आईला वयामुळे मॅक्युलर डिजनरेशन झालं. यात डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत जातो. कडेचं दिसत राहतं. दारातून कोणी आत आलं की तिला कळतं, खिडकीतला उजेड कळतो, पण थेट ज्याच्याकडे बघावं तेच पुसल्यासारखं होतं. अक्षरं तर लवकर जातात. भिंग झालं, टेबलावरचा प्रखर दिवा झाला. ऑडिओबुकंही लावून दिली, पण ती तिला मानवली नाहीत. मध्येच थांबवून वाद घालायचा कोणाशी? आई शाळेत मराठी शिकवायची आणि भांडत भांडत वाचायची. आमच्या घरातल्या जुन्या पुस्तकांच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं ‘असं कसं?’ जागोजागी सापडतं. शेवटी रात्रीची जेवणं आटोपली की मीच वाचायचं, असं ठरलं.

पुस्तकं कोणत्या क्रमाने घ्यायची हे कोणीच ठरवलं नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासूनचं. तिथे आमची जुनी वर्गणी आहे. काही तिथली, काही घरच्या कपाटातली, काही भावाने पुण्याहून अप्पा बळवंत चौकातून आणलेली. एका पुस्तकाचा पुढच्या पुस्तकाशी काही संबंध नसायचा. निदान मला तसं वाटत होतं.

सुरुवात झाली गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून. वरसईचे हे गरीब भिक्षुक. घरावर कर्ज, आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत अशी बातमी. दक्षिणेच्या आशेने 1857 मध्ये ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडात सापडले. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. पुष्कळ वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी सगळं लिहून काढलं, आणि ते छापून आलं 1907 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. शाळेत असताना मी हे पुस्तक इतिहास म्हणून वाचलं होतं. मोठ्याने वाचायला घेतलं तर पहिल्या दोन पानांतच ओटीवर बसून कोणी सांगतंय असं वाटायला लागलं. वाक्य संपत नाही, कारण सांगणाऱ्याची आठवण संपत नाही. दक्षिणा किती मिळाली, कुठे काय जेवलो, कोणी कसं लुबाडलं, आणि त्याच आवाजात कापाकापी आणि जळणारी घरं. झाशीचा भाग वाचताना मला दोनदा पुस्तक मिटावं लागलं. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी तहानलेली राणी त्यांना भेटते, तो प्रसंग आईने पुन्हा वाचायला लावला. बाकी तिला एकच काळजी होती: ‘घरी कधी पोचतो गं हा?’ रोज वाचन संपताना हाच प्रश्न. गंगेच्या पाण्याची कावड घेऊन भटजी एकदाचे वरसईला पोचले, तेव्हा तिला शांत झोप लागली.

त्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. याबद्दल मी थोडं अधिक लिहिणार आहे, कारण मराठीत मोठ्याने वाचण्यासारखं याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही. लक्ष्मीबाईंचं शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतंच. त्यांची भाषा पुस्तकांतून आलेली नाही. ती माजघरातून, नातेवाइकांच्या बोलण्यातून, भांडणांतून आणि समजुतींतून आलेली आहे. त्यामुळे वाचणाऱ्याला काही करावंच लागत नाही. स्वर आपोआप लागतो, कुठे थांबायचं ते आपोआप कळतं. 1895 मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि या बाईच्या पायाखालची जमीन गेली. ते सगळं दुःख ती सांगते, पण स्वतःची कीव करत नाही, आणि नवऱ्याला गुन्हेगार करून पिंजऱ्यातही उभं करत नाही. ज्या माणसाने आपल्याला इतकं रडवलं त्याच्याबद्दल इतक्या मायेने आणि इतक्या स्पष्टपणे एकाच वेळी लिहिणं मला तरी दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. मनात वाचताना मी तिच्या विनोदावर भाळले होते. मोठ्याने वाचताना मला तिचं धैर्य ऐकू आलं.

त्यात तिच्या वडिलांचं सोवळं आहे. 1857 च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्यानंतर या माणसाने सोवळ्याचा असा ध्यास घेतला की बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची, मीठसुद्धा. आई तिथे खूप हसली. मीही हसले. मीठ धुतल्यावर उरणार काय? पुढे तीच मुलगी मोठी होऊन जातीची सगळी बंधनं स्वतःच्या विचाराने सोडते, 1900 मध्ये बाप्तिस्मा घेते, हे वाचून झालं आणि आम्ही पुस्तक परत केलं. मीठ मात्र माझ्या डोक्यात राहिलं.

प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’ची गोष्ट वेगळी. आईचं माहेर बेळगावचं. पुस्तकातल्या लंपन या मुलाच्या बोलण्यातला तो कानडी हेल मला काही केल्या जमेना. मी ठाण्याच्या सुरात वाचत होते आणि आई अंथरुणातून दुरुस्त्या करत होती. शेवटी तिने मला वाक्य वाचायला सांगायचं आणि तेच वाक्य स्वतः तिच्या सुरात म्हणायचं, असं सुरू झालं. माझ्यापेक्षा ती कितीतरी छान वाचत होती, डोळे नसताना. संत कऱ्हाडला भूशास्त्र शिकवायचे. त्यांचं पहिलं पुस्तक, हेच ‘वनवास’, 1994 मध्ये आलं, म्हणजे वयाच्या पन्नाशीनंतर. मुलाच्या मनात काय चाललेलं असतं हे इतकं जपून ठेवणारा लेखक इतक्या उशिरा लिहिता झाला, याचं मला आजही नवल वाटतं.

जी. एं.ची ‘काजळमाया’ मोठ्याने जमली नाही. जी. ए. मला फार प्रिय आहेत, पण त्यांच्या वाक्याला डोळा आणि शांतता लागते. एका प्रतिमेतून दुसरी उगवते, ती मनात मुरायच्या आत आवाज पुढे गेलेला असतो. आईने स्वतःच सांगितलं, ‘हे मी वाचलेलं आहे, तेच राहू दे.’ मी ते पुस्तक बाजूला ठेवलं आणि नंतर एकटीने वाचलं.

नेमाड्यांच्या ‘कोसला’शी आईचं जुनं वैर. 1963 मध्ये ते आलं तेव्हा ती नुकतीच कॉलेजात गेली होती आणि हा पांडुरंग सांगवीकर तिला आळशी, उद्धट वाटला होता. मी हट्टाने वाचायला घेतलं. हॉस्टेलच्या दिवसांवर ती नाराजच होती. मग मनीचं मरण आलं. ती त्याची लहान बहीण, देवीच्या रोगाने जाते. नेमाडे तिथे एकही मोठा शब्द वापरत नाहीत, दुःखाला नाव देत नाहीत, तुटक तुटक बोलत राहतात. माझा आवाज जाड झाला, मला थांबावं लागलं. आई म्हणाली, ‘वाच, थांबू नकोस.’ मग तिने दंडावरचा देवीच्या लशीचा व्रण चाचपला आणि आपल्या गल्लीत त्या रोगाने काय केलं होतं ते सांगितलं. तिच्या पिढीने हा रोग डोळ्यांनी पाहिला. भारतात त्याचा शेवटचा रोगी 1975 मध्ये सापडला. मी शाळेत गेले तोवर मागे फक्त चेहऱ्यांवरचे वण राहिले होते. सांगवीकरबद्दलचं आईचं मत बदललं नाही, पण मनीचं प्रकरण तिने आठवडाभराने पुन्हा मागितलं.

विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ दोन रात्रींत संपलं. 1939 ची ही कादंबरी, युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या बोटीवरची. बोटीवर जर्मनीतून घालवून दिलेले ज्यू आहेत, जे कुठल्याच किनाऱ्याला नको आहेत. त्यांतली हार्टा नायक चक्रधरवर जीव टाकते आणि तो मुंबईला उतरून जातो. हार्टाची पत्रं मी वाचली तेव्हा आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘उतरवलं कसं याला?’ तिने त्याला क्षमा केली नाही. मला वाटतं बेडेकरांनीही केलेली नाही, आणि पुस्तकाची ताकद तिथेच आहे. हातात पासपोर्ट आणि पायाखाली जमीन असलेला माणूस किती सहज पाठ फिरवू शकतो, हे मला त्या रात्री फार टोचलं.

त्यानंतर बेबीताई कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ आलं. हे पुस्तक मी आधी वाचलेलं नव्हतं. बेबीताई फलटणला राहायच्या. किराणा मालाचं लहानसं दुकान चालवायच्या. घरच्यांना कळू न देता त्यांनी हे लिहिलं आणि कित्येक वर्षं लपवून ठेवलं. 1986 मध्ये पुस्तक निघालं. आत्मकथा म्हणतात त्याला, पण ‘मी’ फार कमी आहे. सगळा महारवाडा बोलतो, त्यातही बायका. बाळंतपणानंतर पोटात अन्न नाही, म्हणून तडफडणाऱ्या पोरीबाळी. कोवळ्या वयात लग्न होऊन आलेल्या, सासूच्या धाकात दिवसरात्र राबणाऱ्या सुना. वरच्या जातीचं माणूस समोरून आलं की रस्ता सोडून खाली उतरायचं. दुकानात लांब उभं राहायचं आणि दुकानदाराने वरून टाकलेला जिन्नस पदरात झेलायचा. आणि मग बाबासाहेबांचा शब्द कानावर पडतो, आणि मुलांना शाळेत घालायचंच म्हणून याच बायका पेटून उठतात.

हे मनात वाचलं असतं तर मी हळहळले असते आणि पान उलटलं असतं. मोठ्याने वाचताना बेबीताईंचे शब्द माझ्या तोंडातून येत होते. ‘आम्ही’ म्हणताना माझी जीभ अडखळत होती, कारण त्या ‘आम्ही’त मी नव्हते. ज्यांच्यासाठी रस्ता सोडायचा त्यांच्यात आमचं घर होतं. त्या घरात, त्याच भिंतींना ऐकू जाईल अशा आवाजात, मी ते वाचत होते. पहिल्या रात्री आम्ही फार थोडी पानं वाचू शकलो.

दुकानाचा प्रसंग आला तेव्हा आई उठून बसली. ‘ते मीठ धुणारे गृहस्थ आठवतात?’ तिने विचारलं. ‘आपण हसलो होतो. ते कोणाचा हात लागला असेल म्हणून धूत होते, ते आत्ता कळलं.’ मग थोड्या वेळाने तिने आमच्या आजीबद्दल सांगितलं. अंगणात झाडलोट करायला येणाऱ्या बाईंची कपबशी मागच्या दारी कोनाड्यात निराळी असायची. त्या बाई स्वतः विसळून ती परत तिथेच ठेवायच्या. सून म्हणून आई त्यात वरून चहा ओतायची. ‘वरूनच ओतायची मी,’ ती म्हणाली. पुढे काही बोलली नाही, आणि मीही तिची समजूत घातली नाही. समजूत घालण्यासारखं ते नव्हतं.

‘स्मृतिचित्रे’ लहान झालं असं मात्र नाही. लक्ष्मीबाई ज्या घरातून निघाल्या त्या घराच्या भिंती किती जाड होत्या, हे मला बेबीताईंमुळे कळलं, आणि म्हणून त्यांचं बाहेर पडणं अधिकच मोठं वाटायला लागलं. पण इथून पुढे कोणी मला एकच पुस्तक सुचवायला सांगितलं तर मी ही दोन्ही सांगेन. आपल्याकडे वाचनालयात त्यांची कपाटं वेगळी असतात, अभ्यासक्रमात प्रकरणं वेगळी असतात, चर्चासत्रंही वेगळी होतात. एका बाजूचं सोवळं आणि दुसऱ्या बाजूचं झेललेलं मीठ ही एकच हकिकत आहे. ती अर्धी अर्धी वाचून आपण पिढ्यान्पिढ्या समाधान मानलं, हे मला फार लागतं.

त्यानंतर काही दिवस आईला गोष्ट नको होती. मी कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ काढली. 1970 सालचं ते पुस्तक तिच्या लग्नात कोणीतरी दिलेलं, हळदीच्या डागांनी भरलेलं. कमलाबाईंनी मापं ग्रॅममध्ये न देता वाटी-चमच्यात दिली, म्हणून ज्या मुलीच्या घरी वजनकाटा नव्हता तिलाही ते पुस्तक आपलं वाटलं. पाककृती मोठ्याने वाचायला इतकी सुरेख असते हे मला माहीत नव्हतं. छोटी वाक्यं, एकामागून एक कृती, कुठेही फापटपसारा नाही. आईने दोन ठिकाणी तिखटाच्या प्रमाणावरून वाद घातला आणि दुसऱ्या दिवशी ओट्याशी उभी राहून, वाटी हाताने चाचपत, कोशिंबीर केली.

सध्या दया पवारांचं ‘बलुतं’ चालू आहे. 1978 चं हे पुस्तक आईनेच मागितलं. ‘त्या बाईंचं ऐकलं, आता यांचंही ऐकायला हवं,’ म्हणाली. ती आता पूर्वीइतकी भांडत नाही, पण मध्येच हात वर करते, म्हणजे ते वाक्य पुन्हा वाचायचं.

तुमच्या ओळखीत वाचणारं एखादं वयस्कर माणूस असेल, डोळ्यांमुळे त्याने वाचनालयाची वर्गणी बंद केली असेल, तर त्याच्याकडे जा. आठवड्यातून एक संध्याकाळ पुरते, एका वेळी अर्धा तास पुष्कळ होतो. आवाज चांगलाच हवा असं काही नाही, शब्द स्पष्ट उच्चारला की झालं. मध्ये थांबवलं तर थांबा. आणि पुस्तक त्यांनाच निवडू द्या.