चमचा, ताट आणि वर्णमाला

वर्ध्याच्या उन्हाळ्यात रात्री गच्चीवर झोपण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. आमच्या वसाहतीतील मुले अशा रात्री समोरासमोरच्या गच्च्यांवरून बॅटरीचे झोत टाकून खेळत. त्यांना मी मोर्स संकेतांची ओळख करून दिली. भारतातील तारसेवेने 14 जुलै 2013 रोजी शेवटच्या तारा स्वीकारल्या. तारयंत्राची ‘कट्ट-कडकट्ट’ या मुलांनी ऐकलेलीच नव्हती. बॅटरीने ऱ्हस्व आणि दीर्घ उजेड दाखवणे सोपे होते. ज्याच्याकडे बॅटरी नव्हती त्याने ताट-चमचा आणला आणि सारे अडले, कारण ठोका लांबवता येत नाही. शिवाय मोर्सची रचना रोमन अक्षरांची, आणि मुलांना निरोप पाठवायचे होते मराठीत.

मी वर्णमालेचा तक्ता मांडला. तुरुंगातील कैदी भिंतीवर ठोके देऊन बोलत, तेव्हा रोमन अक्षरे पाच-पाचच्या चौकटीत मुद्दाम बसवावी लागत. आपल्याकडे ती चौकट तयारच आहे: कंठापासून ओठांपर्यंत पाच वर्ग, प्रत्येकात पाच व्यंजने. आधी वर्गाचे ठोके, मग वर्गातील क्रमाचे. तीन आणि पाच म्हणजे ‘ण’. आपल्यापैकी अनेकांनी छडीच्या धाकाने घोकलेला हा तक्ता मुखातील उच्चारस्थानांचा नकाशा आहे, हे मुलांना ठोके मोजताना कळले. (हाताच्या कामातून शिकण्याचा नई तालीमचा विचार 1937 च्या परिषदेत याच वर्ध्यात मांडला गेला, त्यात ताट-चमच्याची कल्पना कोणी केली नसेल.)

उरलेली व्यंजने सहाव्या-सातव्या ओळीत आणि स्वर आठव्या ओळीत घातले. ‘पाणी’ पाठवायला 36 ठोके लागले. एका मुलीने लगेच तक्रार केली, की ‘आ’ सारखाच येतो आणि त्यालाच दहा ठोके! तिने स्वरांची ओळ सर्वांत वर नेली. ‘पाणी’ 24 ठोक्यांत पोहोचले. इंग्रजीत सर्वाधिक येणाऱ्या ‘ई’ या अक्षराला मोर्समध्ये केवळ एक टिंब आहे, त्यामागचे तत्त्व हेच. ते तिला कोणी सांगितले नव्हते.

व्यंजनातील ‘अ’ पाठवायचाच नाही, असे ठरल्यावर आणखी ठोके वाचले. मात्र ‘वर्धा’ पाठवले, तर समोरच्या गच्चीवर ‘वरधा’ उतरले. तेव्हा अक्षराचा पाय मोडल्याची खूण ठरली: ताटावर चमचा घासायचा, बॅटरी असल्यास दीर्घ उजेड. त्यावर नऊ वर्षांच्या एका मुलाने विचारले, “काका, ‘कमल’च्या ‘ल’चाही पाय मोडायचा का जी? आपण तर ‘कमल्’ म्हणतो.”

लेखनात असलेला आणि उच्चारात नसलेला हा अन्त्य ‘अ’ पदवीच्या वर्गाला समजावताना माझ्या दोन तासिका जातात. मुलांनी तो प्रश्न दोन मिनिटांत मिटवला: शब्दाच्या शेवटी घासायचे नाही, घोटाळा होत नाही. परंतु ‘चर्चा’ला चमचा घासायचा आणि ‘घरचा’ला नाही, हे त्या मुलीला अद्याप मान्य नाही. तिच्या कानाला दोन्हीकडचा ‘र’ सारखाच ऐकू येतो.