सुकाणू जड झालंय? दोर सोडा!

सोमवार ते शनिवार माउसवर फिरणारा हात रविवारी टिलरवर, म्हणजे सुकाणूच्या दांड्यावर ठेवला तर काय होतं? दहा मिनिटांत भरून येतो!

मुंबईला शिडाच्या बोटी नव्या नाहीत. १९८२च्या एशियाडच्या सेलिंगच्या शर्यती इथेच झाल्या. फारुख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल बोटीत गोल्ड पटकावलं. मी मात्र गेटवेसमोर जेमतेम दुसऱ्या धड्यावर होते. डिसेंबरची दुपार. दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात, हे शाळेच्या भूगोलात घोकलेलं. अंगावर आले ते आत्ता.

बोट कलली. मी टिलर जिवाच्या आकांताने ओढत होते, पण बोटीचं नाक वाऱ्याकडेच वळत होतं. आणि नेमकी तिकडूनच एलिफंटाहून परतणारी लाँच! रेलिंगला टेकलेल्या लोकांचे चेहरे दिसायला लागले. पोटात गोळा आला.

"अगं, तिच्याशी भांडतेस कशाला? मोठ्या शिडाचा दोर सोड!" सर ओरडले.

हातभर दोर सोडला. बोट सरळ झाली, टिलर दोन बोटांनी हलेल इतका हलका. लाँच बाजूने निघून गेली. सुटले!

नंतर चहावर उलगडा झाला. डोलकाठीच्या मागचं मोठं शीड फार वारा प्यायलं, की बोटीची शेपटी ढकलतं. नाक आपोआप वाऱ्याकडे फिरतं. बोट कलली की आणखीनच. म्हणून आधी दोर सैल करायचा. तरी जड वाटलं तर शीड ताणून सपाट करायचं, वारा फारच असेल तर थोडं उतरवून लहान करायचं. हा त्रास रोजचाच असेल, तर डोलकाठी फार मागे झुकलीय का ते बघायचं आणि तारांचा ताण बदलून ती जराशी पुढे आणायची. थोडा जडपणा मात्र हवाच. टिलर हातातून सुटला तर बोट वाऱ्याकडे तोंड करून थांबते.

पुढच्या शिडावर दोन्ही बाजूंना लोकरीचे धागे असतात. दोन्ही सरळ मागे उडाले की सगळं झकास. वाऱ्याकडचा फडफडला तर दोर ओढा, पलीकडचा फडफडला तर सोडा. इतकं सोपं!

पावसाळा संपला की सीझन सुरू. टोपी, ग्लोव्हज आणि मऊ सोलचे शूज विसरू नका.

त्या सोमवारी ऑफिसात कॉफीचा मगही उचलवत नव्हता. पुढच्या सोमवारी हात अजिबात दुखला नाही.