दारावरचा गेरूचा आकडा

सोलापुरात दुपारचं ऊन चटका देऊ लागतं आणि पहाटे मात्र अजून गोधडी सोडवत नाही, अशा त्या मधल्या दिवसांत, १९६१ च्या फेब्रुवारीत, आमच्या अण्णांच्या खांद्याला शाळेच्या पिशवीऐवजी जाड खाकी कापडाची झोळी आली. तिच्यात छापील कोऱ्या कागदांची बाडं असत, टाक, दौत, टिपकागद आणि नेमून दिलेल्या गल्ल्यांचा हातानं काढलेला नकाशा असे, आणि ती उघडली की शाईचा, गोंदाचा, ओलसर कागदाचा असा एकत्र वास येई, जो पुढं कितीतरी वर्षं मला सरकारचा वास वाटत राहिला. अण्णा नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होते आणि त्या वर्षी त्यांना प्रगणक नेमलं होतं. महाराष्ट्र राज्याला अजून वर्ष व्हायचं होतं. या नव्या राज्याची ही पहिली जनगणना, म्हणून अण्णांना त्या कामाचं फार अप्रूप होतं. आजी मात्र तिला खानेसुमारीच म्हणायची, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणायची.

घरांवर आधीच गेरूनं आकडे पडले होते. कुठं चौकटीवर, कुठं दगडी जोत्याच्या वर, कुठं थेट लाकडी फळीवर. बोटानं पुसलं तर तांबडी भुकटी हाताला लागायची आणि तिला पहिल्या पावसाच्या मातीचा वास यायचा. आम्हा पोरांना ते आकडे तोंडपाठ झाले होते. गड्ड्याच्या जत्रेत घेतलेल्या पिपाण्या अजून फुटल्या नव्हत्या, त्या वाजवत आम्ही गल्लीत पळायचो आणि कुणाच्या दारावर कितवा आकडा ते ओरडून सांगायचो. दिवाळीला भिंती सारवल्या, चुना दिला, तरी लोक तेवढी जागा सोडून कुंचला फिरवीत.

संध्याकाळी शाळा सुटली की अण्णा निघत आणि माझ्या हातात दौत देत. दौत सांडू न देता चालणं हे माझं काम. ते मी इतक्या जबाबदारीनं करायचो की आजही कुणी भरला पेला हातात दिला की माझी चाल आपोआप बदलते. अण्णांच्या वाट्याला तेलंगी पाच्छा पेठेच्या बाजूच्या काही गल्ल्या आल्या होत्या. तिथं शिरलं की माणसांच्या आधी माग ऐकू यायचे. घराघरांत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर, इकडून तिकडं धावणारा धोटा, शेजारी चरख्यावर कांड्या भरणारी बाई, वर वाशाला टांगलेल्या ओल्या सुताच्या लडी, आणि या सगळ्यावर खळीचा आंबूस, रंगाचा उग्र आणि चुलीवरच्या भाकरीचा खरपूस असा एकमेकांत मिसळलेला दरवळ. अण्णा उंबऱ्यावर टेकले की माग थांबायचा, आणि तो थांबल्यावर घरात जी शांतता पसरायची तिच्यात एकेक नाव उच्चारलं जायचं.

त्या वर्षीच्या कागदात घरगुती उद्योगाची चौकशी मुद्दाम होती. माग स्वतःचा की सावकाराचा, घरातली बाई कांड्या भरते ते काम धरायचं की नाही, विड्या वळते ते धरायचं की नाही, यावर अण्णा खूप वेळ घालवीत. एखादी म्हातारी म्हणायची, "मी काय काम करते मास्तर, मी घरीच की," आणि बोलता बोलता तिची बोटं तंबाखू भरून पान वळत असायची, दोरा गुंडाळत असायची. अण्णा तिच्या बोटांकडं बघत आणि काम करते असं लिहीत. जन्मगाव विचारलं की करीमनगरकडची नावं यायची, मातृभाषा तेलुगू, आणि आणखी कुठली भाषा येते म्हटलं की मराठी, कानडी, हिंदी, सगळंच. आमचं सोलापूर चार भाषांत जगतं हे मी पुस्तकात वाचलं नाही. दौत धरून उभा असताना ऐकलं.

वय हा सगळ्यांत लांबणारा प्रश्न. कुणी प्लेगाच्या साली जन्मलेलं, कुणी मोठ्या दुष्काळात, कुणी मार्शल लॉच्या वर्षी पाळण्यात असलेलं. अण्णा बोटांवर हिशेब करायचे. नवऱ्याचं नाव विचारलं की बाई पदर ओठांशी नेऊन गप्प उभी राहायची, मग एखादं शेंबडं पोर पुढं होऊन मोठ्यानं बापाचं नाव सांगायचं आणि सगळं घर हसायचं. एका घरात बाईनं चार लेकरं सांगितली आणि अण्णांनी टाक उचलल्यावर पुन्हा म्हणाली, "होती सहा." त्या कागदात होती म्हणून कुणाला लिहायला जागा नव्हती. अण्णा थोडा वेळ तसेच बसले, मग तिनं आणून दिलेलं पाणी प्यायले.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रात्री ज्यांना घर नाही त्यांची मोजणी होती. होळी दोन दिवसांवर आलेली, चांदणं लख्ख, गल्लीच्या तोंडाशी पोरांनी जमवलेली लाकडं आणि गोवऱ्या. अण्णांनी त्या रात्री मला नेलं नाही, पण पहाटे ते परतले तेव्हा मी जागा होतो. त्यांच्या कोटाला रस्त्याकडेच्या शेकोट्यांचा धूर लागला होता. इंग्रजांच्या काळात अख्ख्या देशाचीच मोजणी अशी एका रात्रीत करीत आणि ती रात्र चांदण्याची निवडत, म्हणजे मोजणाऱ्याला वाट दिसावी, हे मला पुढं वाचायला मिळालं. आजीनं ती रात्र पाहिली होती. सगळ्यांनी घरात थांबायचं, पावण्यांनी असतील तिथंच राहायचं, कोतवाल पुढं कंदील घेऊन आणि मागं लिहिणारा. लहानपणी तिला वाटायचं की आज जो मोजला जाणार नाही तो उद्या असणार नाही.

अण्णा घरी आले की हातपाय धुऊन जेवायला बसत. आई भाकरी वाढता वाढता सहज विचारायची की त्या कोपऱ्यावरच्या बाईनं वय किती सांगितलं, त्या वाड्यातली दुसरी बाई नक्की कोण. अण्णा शेंगांच्या चटणीत तेलाची धार सोडत म्हणायचे, "ते मी कागदाला सांगितलंय." त्यांनी कधीच काही सांगितलं नाही. पुढं आयुष्यभर, त्या घरांतली माणसं वारली, घरं पडली, तरी नाही. मोजणी संपल्यावर ती बाडं सुतळीनं बांधून कचेरीत गेली आणि झोळीत नुसता वास राहिला. बऱ्याच दिवसांनी शहराचा आकडा जाहीर झाला, ३ लाख ३७ हजारांच्या वर, आणि अण्णांनी वर्तमानपत्रातली ती ओळ नखानं अधोरेखित केली. त्या आकड्यातली कितीतरी माणसं त्यांच्या टाकातून उतरली होती.

हे सारं मी विसरलो होतो असं नाही, पण ते वर आलं ते माझ्या पुतण्याच्या फोनमुळं. तो लेस्टरला असतो. इंग्लंडात जनगणनेची घराघरांची मूळ पानं शंभर वर्षांनी सगळ्यांना खुली करतात. १९२१ ची पानं २०२२ च्या जानेवारीत खुली झाली आणि त्यानं स्वतः राहतो त्या घराचं पान काढलं. शंभर वर्षांपूर्वी तिथं मोज्यांच्या कारखान्यात काम करणारं कुटुंब राहायचं, बापाच्या हातची सही, पोरांची वयं वर्षं आणि महिन्यांसकट. तो हरखला होता. म्हणाला, "काका, त्याच साली आपले पणजोबा जुन्या गिरणीत होते ना? त्यांचं पान काढा की."

मी निघालो खरा. मुंबई इलाख्याच्या जनगणनेचे जुने अहवाल मिळतात, संगणकावर सुद्धा वाचता येतात, आणि त्यांत सोलापूर आहे: १९०१ साली ७५,२८८, १९११ साली ६१,३४५, १९२१ साली १,१९,५८१. माझे आजोबा त्या शेवटच्या आकड्यात आहेत. कुठं ते कधीच कळणार नाही. माणसागणिक भरलेल्या त्या चिठ्ठ्या खणाखणांत वाटून मोजल्या जात, बेरजा झाल्या की त्यांचं काम संपे आणि त्या मोडीत निघत. स्वातंत्र्यानंतर तर १९४८ च्या जनगणना कायद्यानं, पंधराव्या कलमानं, कुणाची नोंद कुणालाही दाखवायची नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही घ्यायची नाही, असं बांधूनच टाकलं. ते कलम वाचताना मला अण्णांचा आवाज ऐकू आला. ज्या पानासाठी मी तळमळत होतो ते बंद ठेवायचा शब्द त्यांनी उंबऱ्याउंबऱ्यावर दिला होता. मला दोन्ही हवं आहे, आजोबांचं पानही आणि अण्णांचा शब्दही, आणि एकच निवडायची वेळ आली तर मी अण्णांच्या बाजूनं उभा राहीन.

तरी आकडे अगदीच मुके नसतात, घरातल्या कुणी आधी काही सांगून ठेवलेलं असलं तर. ती १९११ ची घसरण मी पाहिली आणि आजीचं बोलणं आठवलं, प्लेग आला की घराला कुलूप घालून माळावर पालात राहायला जायचं, उंदीर मेलेला दिसला की त्याच दिवशी, उतरंडीतलं धान्य तसंच टाकून. पुढची दहा वर्षांची उडी म्हणजे गिरण्यांची वर्षं. जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी यांचे भोंगे, आणि त्या भोंग्यांवर उठणाऱ्या, जेवणाऱ्या, निजणाऱ्या चाळी. १९३१ ची मोजणी २६ फेब्रुवारीला झाली. त्याआधी काँग्रेसनं ११ जानेवारीचा रविवार जनगणना बहिष्काराचा म्हणून जाहीर केला होता, आणि लगेच दुसऱ्या दिवशी, १२ जानेवारीला, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या आमच्या सोलापूरच्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फाशी दिलं. आजी सांगायची की त्या वर्षी लिहिणारा आला तेव्हा आजोबांनी दार उघडलंच नाही. कोतवाल हाका मारून गेला. आत चूलही पेटवली नव्हती. म्हणजे त्या सालच्या चिठ्ठ्या उरल्या असत्या तरी आमच्या घराची सापडली नसती, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

एक पुस्तक मात्र उरलं आहे. १९५१ च्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून त्या साली नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर उतरवून काढलं होतं. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि पाहायच्या कागदांच्या यादीत हे रजिस्टरही आलं. तेव्हापासून तहसील कचेऱ्यांतली, शाळांतली, भूमी अभिलेखांची फडकी सुटली. खासरा पत्रकं, कुळ नोंदवह्या, गाव नमुना १४ मधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळांची प्रवेश निर्गम पुस्तकं, सगळं उजेडात आलं, कित्येक जिल्ह्यांनी ते संकेतस्थळांवर चढवलं. जातीच्या दाखल्यासाठी आलेली तरुण पोरं आणि नुसता आजोबा शोधणारा माझ्यासारखा म्हातारा एकाच रांगेत उभे राहिलो. मोडी वाचणाऱ्यांना इतकी किंमत माझ्या हयातीत कधी आली नव्हती. धूळ नाकात जाऊन शिंका यायच्या, वाळवीनं खाल्लेली पानं हातात तुटायची, डांबरगोळ्यांचा वास दिवसभर कपड्यांना राही, आणि एखाद्याला नाव सापडलं की सगळी रांग त्या पानावर वाकायची.

आमचं मूळ गाव अक्कलकोट संस्थानातलं. तिथल्या जन्ममृत्यूच्या एका बाडात, बोरूनं लिहिलेल्या तिरक्या मोडीत, मला आजोबांच्या बापाचं नाव सापडलं. वाचून दाखवणारे गृहस्थ बोट ठेवत ठेवत थांबले आणि म्हणाले, मुलगी, नाव घातलेलं नाही. मरणाचं कारण, ताप. साल १९१८. ती आजोबांची धाकटी बहीण. घरात तिच्याविषयी कुणी कधी बोललं नव्हतं, आणि बारशाआधीच गेलेल्या तिची ही एक ओळ कुणा कोतवालानं सांगितली म्हणून शंभर वर्षं टिकली होती. अण्णा ज्या बाईच्या उंबऱ्यावर टाक उचलून बसून राहिले, तिच्या दोन लेकरांच्या ओळीही कुठल्यातरी गावच्या अशाच बाडात असतील.

गावाकडं सुगीनंतर हेळवी यायचा तेही मी पाहिलंय. बैलाच्या गळ्यातली घुंगरं ऐकू आली की आजी सुपात जोंधळे काढून ठेवायची, आणि तो दारात उभा राहून कानडी मिसळलेल्या मराठीत आमच्या घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची नावं एका दमात म्हणायचा, बापाचा बाप, त्याचा बाप, कुठून आले, कुणी गाव सोडलं, कुणाला वंश राहिला नाही. मग पोथी उघडून नव्या जन्माची नावं लिहून घ्यायचा. जन्मल्यावर माझं नाव शाळेच्या आधी त्या पोथीत गेलं. बायकांची नावं त्याच्याकडंही क्वचितच असत. आता हेळव्यांची पोरंही शिकून नोकऱ्यांना लागली, आणि लागावीत. कुणी उन्हातान्हात आमच्या खापरपणज्यांची नावं पाठ करीत हिंडावं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

पुढची जनगणना २०२७ ची आहे, १ मार्च हा तिचा संदर्भदिवस. आकडे आता मोबाइलवर भरले जातील, घरच्या घरी आपली माहिती आपण भरायचीही सोय आहे, आणि स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांत पहिल्यांदाच सगळ्यांची जात विचारली जाणार आहे. माझी नात हे सगळं दोन मिनिटांत भरून टाकील, दौत न सांडता. माग थांबावा, नावं मोठ्यानं उच्चारली जावीत, हे तिला मिळणार नाही, आणि म्हाताऱ्या शिक्षकांना रात्री कंदील घेऊन हिंडावं लागणार नाही, हेही चांगलंच. मी तिच्याकडून एक वेगळी वही मात्र करून घेतो आहे. तिच्यात आधी बायका लिहायच्या, माहेरच्या नावासकट, आणि गेलेली लेकरंही. आईच्या आईपर्यंत आम्ही पोचलो आहोत. तिच्या मागं अजून कुणाला जाता आलेलं नाही, पण तिचं माहेर बार्शीकडचं एवढं कळलंय आणि तिथल्या शाळेचं जुनं पुस्तक बघायला नात सुट्टीत माझ्याबरोबर येते म्हणाली आहे.