खुळखुळेवाला

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

बँडमध्ये सर्वांत मागे चालतो तो खुळखुळेवाला. क्लॅरिनेटवाल्याला फर्माइशी येतात, ढोलवाल्यावर नोटा ओवाळल्या जातात. खुळखुळेवाल्याला मात्र कोणी वादक समजतच नाही. नवे पोर आले की आधी त्याच्या हाती खुळखुळे देतात. मीही सहावीत असताना तेथूनच सुरुवात केली. आमचे आबा नाशकात लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. तुळशीचे लग्न झाले की सुपाऱ्या येऊ लागतात. पाऊस सुरू झाला की ट्रम्पेट फडक्यात गुंडाळून पेटीत जातो आणि आबा मिळेल त्या कामावर. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच.

परण्या मारुतीच्या देवळाकडून मांडवाकडे निघाला की आमचे मास्तर एक गाणे हमखास घेतात : 'शोला जो भडके'. 1951 सालच्या 'अलबेला' चित्रपटातले. वरातीत नाचणाऱ्यांपैकी कित्येकांच्या आईबापांचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता, पण पायांना ते ठाऊक असते. इतर गाण्यांत खुळखुळा नुसता खालीवर हलवला तरी भागते; या गाण्यात हात सरळ चालवला तर गाणे लंगडते. मास्तर मागे वळून ओरडत, "अरे चालू नकोस, डुल!" हे डुलणे आले कोठून, हा प्रश्न मला तेव्हापासूनचा.

गेल्या दिवाळीत गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात मला 'अलबेला'ची एलपी मिळाली. (बाहेरगावच्या मित्रांसाठी : आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) मूळ गाणी निघाली ती 78 फेऱ्यांच्या, लाखेच्या, पडल्या की फुटणाऱ्या तबकड्यांवर, ही पुढच्या काळातली. वेष्टणाचा एक कोपरा उंदराने खाल्लेला. आमच्या एका सरांकडे रेकॉर्ड प्लेअर आहे. त्यांच्या घरी रविवारी सुई टेकवली आणि प्रथमच ते गाणे वरातीच्या गोंगाटाशिवाय ऐकले. आमच्याकडे साइड ड्रम आणि खुळखुळे मिळून जे काम करतात ते तेथे बोंगो करतो.

बोंगो म्हणजे गुडघ्यांत धरून बोटांनी वाजवायची जुळी ढोलकी. ती मूळची क्यूबाची, आणि तेथील आफ्रिकी वंशाच्या माणसांची. ज्यांच्या पूर्वजांना गुलाम करून उसाच्या मळ्यांवर राबवायला नेले होते, त्यांची. खुळखुळ्यांना तेथे माराकास म्हणतात, आणि ते वाजवणे हे तेथे पोरखेळ समजले जात नाही, हे वाचून मला किती बरे वाटले म्हणून सांगू! तो ताल रुंबा म्हणून तबकड्यांवरून आणि बोलपटांतून जगभर गेला, तसा मुंबईच्या हॉटेलांतही आला. तेथे तो वाजवणारे बरेचसे गोव्याचे होते. चर्चच्या शाळेत लहानपणीच व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकलेली ही मंडळी. रात्री हॉटेलात, दिवसा फिल्म स्टुडिओत.

त्यांतले एक चिक चॉकलेट. खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ, जन्म 1916 चा, बार्देशातल्या हळदोण्याचा. ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजे. लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत, आणि सी. रामचंद्रांचे ते साहाय्यक होते. 'अलबेला'त ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात, झालरींच्या बाह्यांचे सदरे घालून. (नाचणाऱ्या भगवानदादांबद्दल सारेच बोलतात, म्हणून मी बोलत नाही.) 1967 साली ते वारले.

माझ्या तबकडीवर त्यांचे नाव नाही. तेथे लता मंगेशकर आहेत, गीतकार राजेंद्र कृष्ण आहेत, संगीतकार सी. रामचंद्र आहेत, आणि गायक म्हणून कोणी चितळकर आहेत. हे चितळकर म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, अर्थात सी. रामचंद्रच! 1918 साली जन्म पुणतांब्याचा. आमच्याच गंगेच्या काठचे, थोडे खाली. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. त्याच चित्रपटात 'धीरे से आजा'सारखी अंगाई पिलूच्या अंगाने बांधायची आणि शेजारी बोंगो नाचवायचा, हे येरागबाळ्याचे काम नव्हे. पण एका माणसाला दोन नावे मिळाली आणि ट्रम्पेटला एकही नाही, हे खटकते ते खटकतेच.

सर म्हणाले, तेव्हाची रीतच तशी होती. मग त्यांनी आपल्या संग्रहातली दुसरी एक एलपी काढली : 'सिएम्ब्रा', विली कोलोन आणि रूबेन ब्लेड्स यांची, न्यूयॉर्कच्या फानिया कंपनीने 1978 साली काढलेली. क्यूबाच्या त्याच तालांना पोर्तोरिकोहून आलेल्या वस्त्यांत पितळी वाद्यांची जोड मिळाली आणि लोक त्याला साल्सा म्हणू लागले. भाषा कळली नाही, पण ट्रॉम्बोन सुरू झाला आणि मला आमचीच वरात आठवली. त्या तबकडीच्या वादकांत बोंगोवर होसे मांगुआल धाकटे, कोंगावर एडी मोंताल्वो. बोंगोवाल्याचे नाव छापलेले असते!

'अलबेला' मी आबांनाही ऐकवली. ट्रम्पेट आला तसे ते पुढे झुकले. "हा दम चोरत नाही बघ," म्हणाले. "कोण रे हा?" मी त्यांच्या हातात वेष्टण दिले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि काही न बोलता परत केले.

शिष्यवृत्तीच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय विचारतात. आबा म्हणाले, "लिही, मजुरी." मी 'वादक' लिहिले. खिडकीपलीकडून प्रश्न आला, "आकाशवाणीवर का?" मी म्हटले, "नाही, वरातीत." अर्ज घेतला गेला.

आमच्या बँडच्या गाडीवर मालकाचे नाव रंगीत दिव्यांनी लिहिले आहे. वाजवणारे आम्ही सतरा जण. या लग्नसराईत मी एका वहीत सगळ्यांची पूर्ण नावे आणि पुढे वाद्ये लिहून घ्यायला बसलो. युफोनियमवाले काका तीस वर्षे वाजवताहेत. त्यांचे आडनाव कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांनी वहीकडे संशयाने पाहिले. म्हणाले, "कशाला रे? पोलिसात द्यायचीत का?" मग मात्र स्वतःचे, वडिलांचे आणि गावाचे नाव नीट थांबत थांबत सांगितले आणि बरोबर लिहिले आहे की नाही ते मला दोनदा वाचून दाखवायला लावले.