पिकअपचा रंग आणि माझी आषाढातली घाई

आज आंब्याचं नाही, आंबा वाहणाऱ्या गाडीचं लिहितोय.

आमचं घर पावसजवळ, समुद्र हाकेच्या अंतरावर. खाऱ्या हवेने पिकअपच्या दरवाजांची खालची कड गंजून पापड झाली होती. हंगाम संपला, वाशीच्या फेऱ्या थांबल्या, म्हटलं रंग काढून घेऊ. रंगारी आमच्याच वाडीतला पोरगा, मुंबईत गॅरेजमध्ये बरीच वर्षं काढून आलेला. म्हणाला, "काका, पाण्याचा रंग मारू." मी हसलो. म्हटलं, पहिल्या सरीत धुवून जायचा!

त्याने समजावलं ते आपल्या लोकांना लगेच कळेल. औषधांत ईसी आणि एससी असतं ना, तसंच. ईसीत औषध सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं, एससीत बारीक कण पाण्यात तरंगते ठेवलेले. नेहमीच्या रंगातून थिनर उडतो, ह्यातून मुख्यतः पाणी. पाणी गेलं की राळेचे कण एकमेकांना चिकटून पापुद्रा धरतात, तो मग पाण्यात परत विरघळत नाही. वर क्लियर कोट असतोच. युरोपात 2007 पासून गाड्यांच्या रंगातल्या सॉल्व्हंटवर कायद्याने मर्यादा आहे.

पोराचं कारण मात्र साधं होतं. त्याच्या उस्तादाला याच धंद्यात दमा लागला, आता त्यांना जिना चढवत नाही.

फक्त त्याची एक अट, "दिवाळीनंतर करू." मी ऐकलं नाही. आषाढात शेडमध्ये एक दरवाजा करायला लावलाच. गंज घासून आधी इपॉक्सी प्रायमर, कारण हा रंग उघड्या पत्र्याला लागला तर तिथेच गंज धरतो. मग बेस कोट. बाहेर धो धो पाऊस. थिनर ओल्या हवेतही उडतो, पाणी जाणार कुठे? तास झाला तरी ओली चकाकी जाईना. ती जाऊन रंग मॅट झाला की मगच क्लियर मारायचा. पंखा लावला, तोही ओलीच हवा फिरवत होता. शेवटी मीच म्हटलं, मार रे आता.

गणपतीपर्यंत दरवाजाला घामोळ्यासारखे फोड. पोरगा एक शब्द बोलला नाही, ते जास्त लागलं. आणि मोहोरावरची पहिली फवारणी वाळल्याशिवाय दुसरी मारू न देणारा माणूस मी!

नोव्हेंबरात परत सगळं घासलं. दहिवर वाळल्यावर, दहानंतर काम सुरू. बेस कोट बघता बघता मॅट झाला.

यावेळी मास्क आधी मागवला. बेस कोट पाण्याचा असला तरी आमचा क्लियर हार्डनरवालाच होता, आणि त्यातल्या आयसोसायनेटनेच दमा लागतो. पोरगा इतकी वर्षं रुमाल बांधून मारत आला होता! रुमाल काय, आपला फवारणीचा कापडी मास्कही त्याला अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क लागतो. पैसे मी दिले. वाया गेलेल्या दरवाजाचे धरून हिशोब बायकोला अजून सांगितलेला नाही.

गन धुतलेलं पाणी पऱ्यात ओतायला निघालो तर पोराने हात धरला. ते अजून डब्यात झाकून ठेवलंय.