काय लिहाल, सिस्टर?

जाहिरात व्हॉट्सअॅपवर आली. आमच्या जीएनएमच्या बॅचचा ग्रुप आहे, तिथे वाढदिवसाचे केक आणि भरतीच्या पीडीएफ एवढंच पडत असतं. 'अधिपरिचारिका, कारागृह दवाखाना, एक पद, कंत्राटी, ११ महिने, थेट मुलाखत.' खाली एकीने लिहिलं, 'जा गं, निदान पेशंट पळून जाणार नाहीत.'

मी तेव्हा जालना एमआयडीसीत सळयांच्या एका कारखान्यात ॲम्ब्युलन्स रूम सांभाळत होते. पाचशेच्या वर कामगार असले की तेव्हाच्या कारखाना कायद्यानुसार अशी खोली ठेवावी लागायची. एक खाट, ड्रेसिंगची ट्रॉली, ऑक्सिजनचं सिलिंडर, खिडकीबाहेर भंगाराचे डोंगर. भंगार भट्टीत वितळतं, त्याचे बिलेट होतात, बिलेट तापवून रोलिंगमधून ओढले की सळया. हे मला कुणी समजावून सांगितलं नाही, जखमांवरून कळत गेलं. भट्टीवाला येतो तो शिंतोड्यांनी भाजून. रोलिंगवाल्याच्या पोटरीवर पट्टा उठलेला असतो. भंगारवाल्याचे तळवे कापलेले. आणि रात्रपाळीला सगळ्यांनाच ॲसिडिटी.

पगार ठेकेदाराच्या हातात होता, कधी दहा तारखेला, कधी वीस. सरकारी शिक्का असलेलं काहीही मला तेव्हा चाललं असतं, हे आधीच सांगून टाकते. उगाच समाजसेवेचा आव नको.

आई म्हणाली, "जेलात? आणि एखाद्यानं सुई हिसकून घेतली म्हणजे?"

"इथं माणसांच्या शेजारून लालभडक लोखंड पळतं, तेव्हा नाही तू घाबरलीस."

"इथं माणसं कामाला आलेली असतात गं," आई म्हणाली. विषय तिच्यापुरता संपला.

मुलाखत संभाजीनगरला होती. जालन्याहून साठेक किलोमीटर. एसटीत बसून मी फोनवर जमेल तेवढं वाचत गेले. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत दर शंभरामागे पंचाहत्तरहून जास्त माणसं कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालूच आहे. आईला हे सांगायला हवं होतं. मग १८९४चा कारागृह कायदा उघडला. इंग्रजांनी केलेला, आणि पुढे शंभरावर वर्षं देशातले तुरुंग त्याच्यावरच चालले. त्याच्या चोविसाव्या कलमात म्हटलंय की कैदी आत आला की लवकरात लवकर त्याची वैद्यकीय तपासणी करायची आणि त्याची तब्येत, अंगावरच्या जखमा, खुणा वहीत नोंदवायच्या. सक्तमजुरीची शिक्षा असेल तर तो कुठल्या प्रकारच्या कामाला लायक आहे, तेही. बदनापूरच्या आसपास मी हे वाचलं आणि हसूच आलं. कारखान्यात नवा पोरगा भरती झाला की मी भरते तो फिटनेसचा फॉर्म दुसरं काय विचारतो?

टेबलामागे तिघं होते. एक डॉक्टर बाई, एक आरोग्य खात्यातले साहेब आणि एक कारागृहाचे अधिकारी, खाकीतले. सुरुवात सोपी होती. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर काय? थुंकीची तपासणी, आणि तोवर गर्दीच्या बरॅकीतून वेगळं ठेवायचं. रोज दारू पिणारा माणूस अटक होऊन आला, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतायत, घाम सुटलाय, भिंतीवर किडे दिसतायत म्हणतो, तर? नाटक समजायचं नाही, दारू अचानक तुटल्याचं लक्षण आहे, जिवावर बेतू शकतं, डॉक्टरांना लगेच बोलवायचं. सुया मोजून घ्यायच्या, मोजून परत करायच्या. एखाद्याने काय गुन्हा केलाय हे विचाराल का? मी म्हटलं, "दुखतंय कुठे ते विचारीन." डॉक्टर बाई हसल्या. मला वाटलं, झालं काम.

मग खाकीतले साहेब पुढे वाकले. "सिस्टर, समजा नवा कच्चा कैदी आलाय. पाठीवर वळ आहेत. सोबतचा माणूस म्हणतो, बाथरूममध्ये पडला. तुम्ही काय लिहाल?"

उत्तर मला पाठ होतं. जे दिसतं ते लिहायचं: कुठे, किती लांब, रंग कसा. पेशंट सांगतो ते त्याच्या शब्दांत लिहायचं. कारण आपण ठरवायचं नाही. डॉक्टरांना कळवायचं. हे मी बोललेही. पण मध्ये मी थांबले, आणि ते थांबणं तिघांनाही दिसलं.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. रात्री अडीचला रोलिंगमधून एका पोराला आणलं होतं. बिहारचा, वीस-बावीसचा. उजवा तळहात आणि बोटं भाजलेली. मी पाणी सोडलं, ड्रेसिंग केलं, गाडी बोलावली. सुपरवायझर दारातच उभा होता. म्हणाला, "सिस्टर, रूमवर स्टोव्हनं भाजलं म्हणून लिहा. अठ्ठेचाळीस तासांच्या वर रजा गेली की फॅक्टरी इन्स्पेक्टरला कळवावं लागतं, माहितीये ना." मला माहीत होतं. मी लिहिलं. पोराला काही विचारलंच नाही. तो कण्हत होता आणि मला ठेकेदाराचा चेहरा दिसत होता.

त्या एका ओळीची किंमत मला पुढे कळली. ईएसआयच्या नियमात कामावर जखम झाली तर बरा होईपर्यंत मजुरीच्या ९० टक्के भरपाई मिळते, आणि कायमचं अधूपण आलं तर दरमहा काहीतरी मिळत राहतं. तीच जखम घरची ठरली की तो साधा आजार. ७० टक्के, तेही वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. हात तोच, भाजणंही तेच.

"आणि अधिकाऱ्याने सांगितलं, पडूनच लागलं असं लिहा?" साहेबांनी विचारलं. "नोकरी कंत्राटी आहे. अकरा महिन्यांनी ऑर्डर पुन्हा काढायची की नाही, ते वर ठरतं."

"सर, मी एकदा असं लिहिलंय," मी म्हटलं. का म्हटलं, अजून नीट सांगता येत नाही. बहुधा त्यांनी प्रश्न खरंच विचारला होता म्हणून.

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. कुठे, असं आरोग्य खात्याच्या साहेबांनी विचारलं, ते मी सांगितलं नाही. डॉक्टर बाईंनी विचारलं, "मग आता वेगळं काय कराल?"

"पेशंटला विचारीन. तेव्हा तेवढंही केलं नव्हतं."

खाकीतल्या साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. दोन शब्द असतील, फार तर तीन. "ठीक आहे, या तुम्ही," म्हणाले. आवाजावरून राग की समाधान, काही लागलं नाही.

यादी आठवड्याने लागली. प्रतीक्षा यादीत दुसरी. ग्रुपवर टाकलं तर सगळ्यांनी रडका चेहरा पाठवला. आईने देवापुढे साखर ठेवली, मला वाटतं आनंदानेच.

त्या रात्री पाळीला गेल्यावर मी कपाटातून मागच्या वर्षीचं रजिस्टर काढलं. ओळ सापडायला वेळ लागला नाही, अक्षर माझंच. रूमवर स्टोव्हने भाजले. शेजारी नाव, टोकन नंबर, मोबाईल नंबर. सकाळी सुटी झाल्यावर गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवरून फोन लावला. एका बाईने उचलला. तो आता सुरतला असतो म्हणाली, फोन घरी ठेवून गेलाय.

"हाथ कैसा है उसका?"

"मुट्ठी नहीं बनती," ती म्हणाली. मग विचारलं, "आप कौन?"

मी कारखान्याची सिस्टर, असं सांगितलं. त्याचं ईएसआयचं कार्ड आहे का घरी, बघा जरा.

"कौन-सा कार्ड?"

मागून सळयांचा ट्रक गेला, तिला ऐकू येईना. मी टपरीच्या मागच्या बाजूला गेले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.